मदत हवी आहे: आईंचा विसराळूपणा, बडोद्यात कुणाला दाखवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारात राहतो. सासूबाई ७४ वर्षांच्या. चष्मा कुठे ठेवला हे तर मीही विसरते, त्याचं काही नाही. पण भिशीचा हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्या आईंच्या वहीत आता एकाच बाईचा हप्ता दोनदा मांडलेला असतो, आणि बोट ठेवून दाखवलं तरी चूक कळत नाही. मध्यंतरी मांडवीहून येताना रिक्षावाल्याला घराचा रस्ता सांगता येईना. लहानपणच्या गोष्टी मात्र मुखोद्गत! म्हणून घरचे "वय झालं" म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारात, बऱ्याचदा ताजंच आधी निसटतं, जुनं शाबूत राहतं.

बी-१२ कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी विसरायला होतं, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी दोन्ही तपासलं. थायरॉईड नॉर्मल, बी-१२ कमी. इंजेक्शनं चालू आहेत, फरक अजून नाही.

आता न्यूरॉलॉजिस्टकडे जावं की मानसोपचारतज्ज्ञाकडे? स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून घेणारं इथे कुणी आहे का? आईंचं गुजराती भाजीबाजारापुरतं. शंभरातून सात-सात वजा करत जा, असं त्या भाषेत विचारलं तर धडधाकट माणूसही गडबडेल.

आणि मुख्य म्हणजे, "मला काय वेड लागलंय?" म्हणणाऱ्या माणसाला न्यायचं कसं? बीपीचं निमित्त सांगावं म्हणते, पण ह्यांना ती फसवणूक वाटते. कुणाच्या घरी हे झालं असेल तर कृपया लिहा.