चाक स्वस्त मिळेल, पण हब बघून घ्या

घरात एका जागी सायकल चालवायच्या ट्रेनरसाठी (मागचं चाक टेकवायचा स्टँड) ७००सीचं, म्हणजे रोड सायकलच्या नेहमीच्या मापाचं, कुठलंही जुनं मागचं चाक वेगळं घेतलं तर चालतं असं काही जण म्हणतात, ते अर्धंच खरं. रिमचा आउट (वाकडेपणा) काढून घेता येतो, खरी गोची हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात असते. मागच्या पावसाळ्यात ठाण्यातल्या एका दुरुस्तीवाल्याकडून ९०० रुपयांत चाक उचललं. ट्रेनमध्ये लोकांच्या शिव्या खात कोपरखैरण्याला आणलं आणि बघतो तर हब आट्यांवर फिरवून बसवायच्या ७ स्पीड फ्रीव्हीलचा (दातेरी चकत्या आणि खटका एकत्र), माझी सायकल ९ स्पीड कॅसेटची (नुसत्या चकत्यांचा जुडगा, खटका हबमध्येच)! ते चाक अजून बाल्कनीत आहे, त्यावर पायपुसणी वाळतात.

तेव्हा आधी फ्रीहब, म्हणजे कॅसेट सरकवून बसवायची खाचांची बॉडी असलेला हब, आहे ना ते बघा. शिमानोच्या ८, ९ आणि १० स्पीडच्या कॅसेट सहसा एकाच बॉडीवर बसतात. बॉडी ११ स्पीड रोडची निघाली तर या कॅसेटमागे १.८५ मिमीची चकती घालायची, नाहीतर ती डुगडुगते. हबची रुंदीही मोजा: रिम ब्रेकच्या रोड सायकलला १३० मिमी, क्विक रिलीजच्या (खटका उघडून चटकन चाक काढता येतं अशा) डिस्क ब्रेकवालीला बहुधा १३५. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचा) डिस्क ब्रेक असेल आणि चाकाला रोटर (ब्रेकची चकती) नसेल, तर मागचा ब्रेक चुकूनही दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात, मग स्क्रूड्रायव्हर घेऊन ते फाकवत बसा. आणि खास ट्रेनर टायर लावलात तर तेच चाक घेऊन पाम बीच रोडला जाऊ नका, त्याला रस्त्यावर पकड नसते.