मदत हवी आहे: आजीच्या यादीतले 'जर्मनचे पेले' नक्की कशाचे?

नमस्कार मंडळी,

माळा आवरताना आजीच्या लग्नातल्या भांड्यांची यादी सापडली. साल १९५६, अक्षर पणजोबांचं. तांब्या-पितळेचं सगळं लागलं, पण मध्येच तीन ओळी आहेत: 'जर्मनची पातेली ३, झाकण्यांसह', 'जर्मन सिलवरचा तांब्या १' आणि त्याखाली 'जर्मनचे पेले २'.

भाचा श्टुटगार्टला असतो. त्याला ही यादी जर्मनमध्ये करून तिथल्या सासरच्यांना दाखवायची आहे. (ते हुंडा समजतील अशी मला भीती आहे, पण तो वेगळा धागा.)

पातेल्यांबद्दल शंका नाही. आमच्या साताऱ्याकडे ॲल्युमिनियम म्हणजे जर्मनच, आजीच्या तोंडी 'जर्मल'. त्यात ताक नि चिंचेचं सार ठेवायला बंदी होती. भाच्याला याचंच हसू येतं. तिकडे जर्मन म्हटलं की दणकट यंत्र, आणि आपल्याकडे हातातून पडलं की पोचा येणारं भांडं!

अडलंय ते पेल्यांपाशी. हे पेले जर्मलचे की जर्मन सिल्व्हरचे? एक अजून घरात आहे. पांढरट, किंचित पिवळसर झाक. सराफाकडे न नेता कळेल का?

प्रतिसाद १
लोहचुंबक लावत बसू नका, दोन्हींना चिकटत नाही. वजन बघा. ॲल्युमिनियमची घनता २.७, जर्मन सिल्व्हरची साडेआठच्या आसपास. पातेलं काठोकाठ भरा, पेला आडवा करून पूर्ण बुडवा, आत हवा राहू देऊ नका. सांडलेलं पाणी मोजा आणि पेल्याच्या वजनाला त्याने भागा.

बाकी जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. चीनमधून असाच एक पांढरा धातू युरोपात यायचा, त्याची नक्कल जर्मन कारागिरांनी १८२० च्या दशकात जमवली, म्हणून हे नाव.

प्रतिसाद २
भाच्याला सांगा, शब्दाला शब्द ठेवू नको. जर्मन सिल्व्हरला जर्मन लोक 'नॉयझिल्बर' म्हणतात, म्हणजे नवी चांदी. जर्मन गोवराला 'रोटेल्न'. ते स्वतःला तरी कुठे जर्मन म्हणतात? 'डॉइच' म्हणतात. इटालियन त्यांना 'तेदेस्को' म्हणतात, फ्रेंच 'आलमाँ'. जर्मन शेफर्डला तर पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी अल्सेशियन करून टाकलं होतं, जर्मन नाव नको म्हणून. कुत्रा तोच.

धागाकर्ता
मोजलं! पेला १७२ ग्रॅम, पाणी सांडलं २० मिलीच्या आसपास. म्हणजे ८.६. जर्मन सिल्व्हरच. वरच्या ओळीत एकदा 'सिलवर' लिहिल्यावर पणजोबांनी खाली शाई वाचवली असणार.

भाच्याने लगेच यादी करून पाठवली. पातेली 'आलुमिनियुम', तांब्या आणि पेले 'नॉयझिल्बर'. अख्ख्या जर्मन यादीत 'जर्मन' हा शब्द एकदाही नाही. आईला ते पटलेलं नाही. पातेल्यांपुढे कंसात 'जर्मल' लिही म्हणून तिने त्याला परत फोन लावलाय.