अर्लीवुड-लेटवुडला मराठीत काय म्हणावं?

कृष्णाकाठ (सांगली): अकरावीच्या मुलांसाठी सूचिपर्णी झाडांच्या लाकडावरचा एक लेख मराठीत आणतेय. वर्षाच्या एका वलयात दोन पट्टे असतात. हंगामाच्या सुरुवातीला सालीखालचा वाढीचा थर रुंद पोकळीच्या, पातळ भिंतींच्या पेशी करतो, पुढे अरुंद आणि जाड भिंतींच्या. पहिलं अर्लीवुड, दुसरं लेटवुड. परिभाषेत वसंतकाष्ठ आणि शरत्काष्ठ मिळालं. पण दुसरा पट्टा उन्हाळ्यातच पडायला लागतो, म्हणून इंग्रजीवाल्यांनीही ऋतूंची नावं मागे टाकली. मग आपणच शरद का धरून बसायचं? शिवाय 'जीन एक्स्प्रेशन'. 'जनुकांची अभिव्यक्ती' वाचून भाचा म्हणाला, मावशी, जनुकं कविता करतात का?

तासगावचा_बागायतदार: ताई, शब्द शिवारात पडलाय की. द्राक्षाची छाटणी लवकरची ती आगाप, उशिराची ती मागास. आगापकाष्ठ, मागासकाष्ठ. विषय संपला.

पेन्शनर_वाई: संपला कसला? आगाप देशी, काष्ठ संस्कृत, ही सोयरीक जमायची नाही. आणि 'मागास' छापलंत तर मुलं भलताच अर्थ लावतील. वसंतकाष्ठ काय वाईट आहे? शब्द रुळला की अर्थ चिकटतो. घासलेटात कुठे घास असतो?

तासगावचा_बागायतदार: काका, हा मुद्दा तर आमच्या बाजूचा झाला! मागासही रुळेल.

मिरजेचा_कारागीर: आम्ही तंबोरे करणारी माणसं. वखारीत गाभ्याचं आणि सालीकडचं एवढंच बोलतात, वलयातल्या पट्ट्याला नाव ठेवलेलं ऐकलं नाही. पण चिडाच्या फळीवर रंधा मारला की एक पट्टा मऊ लागतो, एक टणक. कोवळं आणि जून म्हणा, सुताराला लगेच कळेल. जाता जाता, तंबोऱ्याला तून लागतो. त्याला गिऱ्हाईक रेड सीडर म्हणतं. सीडर म्हणजे देवदार, आणि तून देवदाराचा कुणीच लागत नाही. नावाचं हे असं.

जीवशास्त्र_कराड: 'कोवळं' इथे खर्च करू नका, ते जुव्हेनाइल वुडसाठी लागेल. खोडाच्या मध्याजवळची पहिली काही वलयं वेगळ्या लाकडाची असतात, घनता कमी. शंभर वर्षांच्या पाइनच्या शेंड्यात आजही तेच तयार होतंय आणि त्याच वर्षी बुंध्याशी जून लाकूड. झाड कललं की आणखी तिसरी तऱ्हा. सूचिपर्णीत कललेल्या खोडाच्या खालच्या अंगाला दाबकाष्ठ धरतं, पेशीभिंत टणक करणारं लिग्निन जास्त, तिच्या तंतूंचं सेल्युलोज कमी. रुंद पानांच्या झाडांत बहुधा उलट, वरच्या अंगाला ताणकाष्ठ. या सगळ्या पेशींत जनुकसंच एकच. नॉर्वे स्प्रूसचा 2013 मध्ये वाचला गेला, डीएनएच्या सुमारे 20 अब्ज अक्षरांचा, माणसाच्या सहापटीहून मोठा. फरक पडतो तो कुठलं जनुक कुठे, कधी आणि किती चालतं यावर. लोब्लॉली पाइनच्या दाबकाष्ठात लिग्निन घडवणारी जनुकं जास्त जोरात चालतात. म्हणून सरळ 'जनुक चालणं' लिहा.

पेन्शनर_वाई: जनुक चालायला तो काय पंखा आहे? आत आहे ते बाहेर दिसणं म्हणजे अभिव्यक्ती. अचूक शब्द आहे. भाच्याला समजावा, शब्द बदलू नका.

सुरूचं_बन: मला मुळात 'सूचिपर्णी'चंच कोडं आहे. सुईसारखं पान, मग आपला सुरू त्यात धरायचा ना?

जीवशास्त्र_कराड: नाही! सुरूच्या त्या सुया म्हणजे हिरव्या डहाळ्या. खरी पानं सांध्यांवर, बारीक खवल्यांसारखी. सुरू फुलझाडांतला. उलट अंगणातली मोरपंखी, जिला एकही सुई नाही, ती मात्र या गटातली. 'शंकुमंत' हा शब्द त्यासाठीच बरा, पण तो कोण वापरतंय?

तासगावचा_बागायतदार: सुरू म्हटलं की आम्हाला ऊसच आठवतो. जानेवारी-फेब्रुवारीतली लागण. या सुरूचा त्या सुरूशी काय संबंध? आडसाली कळतं, साल आडवं ओलांडतो म्हणून आडसाली.

मिरजेचा_कारागीर: मला वाटतं वर्षाचं साल आणि झाडाची साल एकच. दर साली सालीखाली एक वलय वाढतं, बघा जुळतंय.

पेन्शनर_वाई: जुळवलं की सगळंच जुळतं. वर्षाचं साल फारसी, झाडाची साल हिंदीतल्या 'छाल'ची बहीण. लिंगही वेगळं, ते साल आणि ती साल.

कृष्णाकाठ (सांगली): मंडळी, लेख उद्या द्यायचाय. तूर्त 'आगाप लाकूड' आणि 'उशिराचं लाकूड' लिहिलंय. अभिव्यक्तीचं कुणी सांगेल का?

तासगावचा_बागायतदार: आगाप घेतलंत, मागासानंच काय घोडं मारलं?

सुरूचं_बन: आडसाली की अडसाली? कारखान्याच्या पावतीवर ऱ्हस्व असतं.