मोबाइल लावल्याशिवाय मुलगी घास घेत नाही, आईला कसं समजावू?

मुलीचा बाबा, चाकण

आमची मुलगी 2 वर्षं 4 महिन्यांची आहे. समोर मोबाइलवर गाणी लावल्याशिवाय तोंड उघडत नाही. बंद केला की घास गालात धरून बसते, नाहीतर थुंकून टाकते. मी कंपनीत शिफ्टला, बायको बँकेत, त्यामुळे दिवसभर ती माझ्या आईकडे असते. आई तिचं सगळं मायेनं करते, तिच्याशिवाय आमचं घर चालणार नाही. पण वाटीभर भात संपवायला तासभर लागतो आणि तो तासभर मोबाइल चालूच. रात्री पुन्हा तेच. मी काही बोललो की आई म्हणते, "मग तूच भरव."

जेवत नाही म्हणून दूध देतो. सकाळी उठल्यावर एक बाटली, दुपारी झोपण्याआधी एक, संध्याकाळी एक, रात्री झोपताना एक. सगळं मिळून 900 मिलीच्या आसपास जातं. मधेमधे बिस्किटं. शी कडक होते, करताना रडते. वजन 10.8 किलो आहे. शेजारची तिच्याच वयाची मुलगी 13 किलोची, म्हणून घरी येणारा प्रत्येक जण "किती वाळलीय" म्हणतो आणि ते आईला फार लागतं.

मध्यंतरी बायकोनं मोबाइल एकदम बंद केला, तर मुलगी दिवसभर दुधावरच राहिली. रात्री आई रडली. आता घरात हा विषय काढायचीच धास्ती वाटते. सुरुवात कुठून करायची?

दोन मुलांची आई, सातारा

दादा, मोबाइलच्या आधी दुधाकडे बघा. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण 1000 कॅलरी लागतात. 900 मिली गाईच्या दुधातच त्यातल्या निम्म्याहून जास्त गेल्या. म्हशीचं असेल तर जवळजवळ सगळ्याच. वर बिस्किटं. मग ताटाशी बसल्यावर तिला भूक असणार कुठून? पोट भरलेल्या मुलाला भरवायचं म्हणून मोबाइल लागतो. वहिनींनी मोबाइल बंद केला, पण बाटली तशीच राहिली, म्हणून ती दुधावर राहिली.

आमच्याकडे धाकट्याचं हेच होतं. आम्ही आधी संध्याकाळची बाटली बंद केली, कारण रात्रीच्या जेवणाची भूक तीच मारत होती. मग दुपारची. उरलेलं दूध बाटलीतून काढून छोट्या पेल्यात आणलं, तेही जेवणानंतर. दिवसाला 400 ते 500 मिली पुष्कळ झालं. बिस्किटाचा डबा त्याला दिसणार नाही असा ठेवला. दोन खाण्यांच्या मधे अडीच-तीन तास फक्त पाणी. भूक परत यायला काही दिवस गेले, पण आली.

मोबाइलही सगळ्या जेवणांचा एकदम काढू नका. तुम्ही घरी असता ते एकच जेवण निवडा. सगळे खाली पंगतीला बसा, तिला तिचं छोटं ताट द्या. त्यात अगदी थोडं वाढा: चमचाभर वरणभात, पोळीचा तुकडा, उसळीचे चार दाणे. खाली वर्तमानपत्र पसरा, सांडू दे. तुमच्यापैकी कुणीही मोबाइल हातात घ्यायचा नाही, हे मोठ्यांना जास्त जड जातं. वीस-पंचवीस मिनिटांत जेवढं खाईल तेवढं, मग ताट उचलायचं. रागावायचं नाही, "एकच घास" म्हणून मागे धावायचं नाही. काय वाढायचं आणि कधी ते आपण ठरवायचं, किती खायचं ते तिनं. मला हे पटायला वेळ लागला, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावरच आहे.

मटकी, पालक असलं काही पहिल्यांदा थुंकलं तर "आवडत नाही" असा शिक्का मारू नका. नवी चव मुलं दहा-दहा वेळा समोर आल्यावर घेतात. नाचणीचं धिरडं, गूळ-तूप घालून कुस्करलेली पोळी, दह्यात कालवलेला मेतकूट-भात हे हातानं खाता येतं, त्यापासून सुरुवात करा.

परिचारिका, बालरोग विभाग, छत्रपती संभाजीनगर

ताईंनी दुधाचं बरोबर सांगितलं. त्यात एक जोडते. गाईम्हशीच्या दुधात लोह जवळपास नसतंच, आणि त्यातलं कॅल्शियम इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. दुधावर वाढणारी मुलं अंगानं गुटगुटीत दिसत असली तरी रक्त कमी असू शकतं, आणि रक्त कमी असलं की भूक आणखी मंदावते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्ताक्षय आढळला होता. म्हणून एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून हिमोग्लोबिन तपासून घ्याच. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं औषध द्यायचा सरकारी कार्यक्रम आहे, आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत विचारा. औषध दुधाबरोबर देऊ नका. त्यानं शी काळी होते, घाबरू नका. बाटली मात्र तिचा हात पोचणार नाही तिथे ठेवा, लोह जास्त पोटात गेलं तर लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. डाळ-उसळीवर लिंबू पिळलं तर त्यातलं लोह जास्त लागू पडतं.

10.8 किलोची काळजी शेजारणीच्या मुलीवरून करू नका. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता असतो. या वयाला 10.8 वजन हिरव्या पट्ट्यातच येतं. एकाच आकड्यापेक्षा तिची रेघ वर चालली आहे का, ते महत्त्वाचं. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या तिप्पट वजनाचं होतं, दुसऱ्या वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढतं. भूक कमी झाल्यासारखी वाटते ती यामुळेही. कडक शीचंही बरंचसं कारण जास्त दूध आणि कमी पाणी-भाज्या-फळं हेच असतं.

वजन थांबलं किंवा उतरलं, माती-खडू खाते, गिळताना ठसका लागतो, किंवा फक्त पातळच गिळते आणि चावतच नाही, यातलं काही असेल तर घरगुती प्रयोगात वेळ घालवू नका. आणि अख्खे शेंगदाणे, फुटाणे एवढ्यात नकोतच, कूट करून द्या. मोबाइलकडे बघत, हसत खाताना दाणा श्वासनलिकेत जाणं सोपं असतं.

एक आजी, डोंबिवली

बाळा, तुझ्या आईच्या बाजूनं लिहिते. तिला मोबाइलची हौस नाही. मुलगी वाळली तर बोल तिला लागणार आहे, याची तिला भीती आहे. माझी सून डॉक्टरांकडे मला बरोबर घेऊन गेली. डॉक्टरांनी तक्ता माझ्या समोर ठेवून सांगितलं, "आजी, नातू व्यवस्थित वाढतोय." ते ऐकल्यावर मला जो धीर आला, तो घरातल्यांच्या समजावण्यानं आला नव्हता. तू आईला घेऊन जा. आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी "वाळलीय" म्हटलं की उत्तर तू दे, तिच्यावर सोडू नको.

आई कदाचित म्हणेल, आम्हीही काऊचा घास, चिऊचा घास करूनच भरवलं. खरंच भरवलं. पण तेव्हा मूल आपल्या तोंडाकडे बघायचं, आपण बोलायचो, ते बोलायचं, आणि पोट भरल्यावर मान फिरवली की आपल्याला कळायचं. मोबाइलपुढे तिचं तिलाच कळत नाही. आईला सांग, गाणी तूच म्हण. आणि दिवसभर मूल सांभाळणाऱ्या बाईला तासभर पाठ टेकायला मिळेल अशी सोय कर, मग तिच्या हाताला मोबाइल कमी लागेल.

मुलीचा बाबा, चाकण

सगळ्यांचे मनापासून आभार. दुधाचा हिशोब बायकोला वाचून दाखवला, आम्ही दोघंही गप्प झालो. शनिवारी आईला घेऊन डॉक्टरांकडे जातोय. संध्याकाळची बाटली आजपासून बंद. रात्रीच्या जेवणाला मी असेन त्या शिफ्टमध्ये मोबाइल नाही, एवढं ठरलं. एकच अडतंय, रात्री झोपताना बाटली तोंडात असल्याशिवाय ती झोपतच नाही. तिचं काय करू?

दोन मुलांची आई, सातारा

ती सगळ्यात शेवटी काढा, पण काढा. दूध तोंडात ठेवून झोपल्यानं पुढचे दात किडतात. आधी बाटली अंथरुणातून बाहेर आणा: स्वयंपाकघरात बसून पेल्यातून थोडं दूध, मग दात घासणं, मग अंथरूण. चोखायची सवय मोडताना दोन-चार रात्री रडेल, तेव्हा पाठीवर हात ठेवून शेजारी पडून राहा. तुमच्या आठवड्याच्या दिवसपाळीत सुरू करा, म्हणजे रात्री उठायला तुम्ही घरी असाल आणि तो भार आईंवर पडणार नाही.