झाडांवर राहणाऱ्या, हवेत तरंगत झेप घेणाऱ्या ग्रेटर ग्लायडर या प्राण्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने नैसर्गिक जंगलातली तोड कायमची थांबवावी का?

पारिजात: माझं मत, थांबवावी. शेजारच्या व्हिक्टोरियात सरकारी जंगलांतली तोड 1 जानेवारी 2024 पासून बंद आहे. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र ऑगस्ट 2023 मध्ये तल्लागंडाच्या जंगलात तोडीच्या जागेजवळ मेलेला ग्लायडर सापडला, तेव्हा कुठे पर्यावरण प्राधिकरणाने काम थांबवलं. पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा हा प्राणी एका झेपेत 100 मीटरपर्यंत तरंगत जातो. 2022 पासून तो संकटग्रस्त यादीत आहे. आता कसली वाट बघायची?

घाटमाथा: पूर्ण असहमत. बंदीने वणवे थांबतात का? 2019-20 च्या आगीत राखीव उद्यानंही जळाली, तिथे कोण कुऱ्हाड चालवत होतं? शिवाय लाकडाची गरज संपणार नाही, ते नियम ढिले असलेल्या देशातून येईल. आरागिरणीवर जगणाऱ्या गावांनी काय करायचं? तोडलेलं जंगल पुन्हा वाढतं. ग्लायडर ज्यांत राहतात त्या झाडांच्या ढोल्या कमी पडत असतील तर झाडांवर लाकडी पेट्या बसवा, ग्लायडर त्या वापरतात.

पारिजात: झाडं वाढतील हो, ढोल्यांचं काय? ऑस्ट्रेलियात सुतार पक्षीच नाहीत. फांदी तुटते, मग बुरशी आणि वाळवी आतून पोखरत जातात. दीड किलोचा प्राणी मावेल अशी ढोली व्हायला निलगिरीच्या झाडाला शंभराहून जास्त वर्षं लागतात, आणि एका ग्लायडरला अशा अनेक ढोल्या आलटूनपालटून लागतात. पातळ फळ्यांची पेटी उन्हात तापते, आणि या प्राण्याला उकाडा अजिबात सोसत नाही. मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. आगीतून जी जुनी झाडं वाचली, तीच तोडायची?

मेळघाटकर: आपल्याकडच्या उडणाऱ्या खारीचं या प्राण्याशी नातं नाही, पण तीही ढोलीतच राहते. जुनं झाड गेलं की तीही बेघर. पारिजात यांना माझा पाठिंबा.

घाटमाथा: जुनी झाडं राखा, त्याला माझी ना नाही. ढोलीच्या झाडाभोवती मोठा पट्टा सोडा, तोडीआधी रात्री टॉर्च घेऊन नीट पाहणी करा. त्यासाठी सरसकट बंदी कशाला?

पारिजात: कारण तल्लागंडातही पाहणीचे नियम होतेच. ऑस्ट्रेलियातलं बहुतेक लाकूड आजही लागवडीच्या वनांतून येतं. गिरण्यांना तिकडे वळायला सरकारने पैसे द्यावेत, कामगारांना भरपाई द्यावी. त्या मागणीवर मी तुमच्यासोबत सही करेन.