कोल्हापूर कोर्टातला १९८८-८९चा वारस दाखला शोधायचाय, नंबर माहीत नाही

रंकाळावेस:
चुलत आजोबा मार्च १९८८ मध्ये वारले. शेवटपर्यंत शिवाजी पेठेत राहायला होते. शेती करवीर तालुक्यात, शिवाय काही कागदी शेअर्स आहेत. त्या वेळी "कोर्टातून वारस काढले" असं घरातले सगळे सांगतात, पण कागद कुणाकडेच नाही. ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या संकेतस्थळावर, आजोबांचं नाव टाकलं तर काहीच येत नाही. फाइल कुठे आणि कशी शोधायची? आणि मिळालीच तर त्यावर शेअर्स नावावर होतात का?

दप्तरखाना:
पहिली चूक जवळजवळ प्रत्येकाची होते तीच झाली आहे. मयताच्या नावाने शोधू नका. अशी प्रकरणं अर्जदाराच्या नावावर नोंदलेली असतात. मयताचं नाव आत, अर्जाच्या मजकुरात असतं. सामनेवाला बऱ्याचदा नसतोच, त्यामुळे दुसऱ्या बाजूनेही पत्ता लागत नाही. तेव्हा हयात असलेली विधवा, थोरला मुलगा, कधी मुलगी, अशा ज्यांनी अर्ज केला असण्याची शक्यता आहे त्यांची यादी आधी करा. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावासोबत वर्ष द्यावं लागतं, आणि "निकाली" किंवा "दोन्ही" निवडावं लागतं. आडनावाची इंग्रजी स्पेलिंगं दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. चौगुलेच चार प्रकारे लिहितात.

पण १९८८-८९चं प्रकरण तिथे दिसण्याची आशा कमी धरा. संगणकीकरणाआधी निकाली निघालेली बहुतेक प्रकरणं ऑनलाइन आलेलीच नाहीत. तिथे दिसलं नाही म्हणजे फाइल नाही, असं अजिबात नाही.

म्हणून उलटीकडून या. शेती आहे ना, मग सातबाऱ्यावर आजोबांचं नाव जाऊन वारसांची नावं लागली त्याचा फेरफार क्रमांक शोधा. जुन्या सातबाऱ्यावर तो गोलात लिहिलेला असतो. त्या फेरफाराची, म्हणजे गाव नमुना ६ ची नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. जिथे स्कॅनिंग झालंय तिथे "आपले अभिलेख"वरही मिळते. कोर्टाचा आदेश झाला असेल तर नोंदीत "दिवाणी न्यायाधीश यांजकडील कि. अ. नं. अमुक, दि. अमुकचे दाखल्यावरून" असं काहीतरी सापडतं. "कि. अ. नं." म्हणजे किरकोळ अर्ज नंबर. तोच तुमचा नंबर. पेठेतलं घर त्यांच्या नावावर असेल तर नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकाही काढा. तिथल्या फेरफार नोंदीतही कधी कधी हाच क्रमांक लिहिलेला असतो.

आणि एक शक्यता आत्ताच मनात धरा. फेरफारात नुसतं "वारसांचे वर्दी अर्ज व जबाबावरून" असं असेल, तर प्रकरण कोर्टात गेलेलंच नाही. तलाठ्याकडे वर्दी, म्हणजे मृत्यूची आणि वारसांची खबर दिली, वारस रजिस्टरला म्हणजे ६-क ला नोंद झाली आणि मंडल अधिकाऱ्यांनी मंजूर केली, इतकंच. घरातली मंडळी त्यालाही सर्रास "कोर्टातून वारस काढले" म्हणतात. कोर्टात हेलपाटे घालण्याआधी ही खात्री करून घ्या.

नि_एक:
वरचं सगळं बरोबर. कोर्ट कोणतं, तेवढं जोडतो.

मयत कायम कुठे राहत होता, त्यावर कोर्ट ठरतं. जमीन कुठे आहे हा प्रश्न नंतरचा. तुमच्या बाबतीत कोल्हापूरच. इमारतीबद्दल सांगून ठेवतो. ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या जागेत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं. जिल्हा न्यायालय आणि दिवाणी न्यायालयं कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात आहेत. तुमची फाइल तिकडची. सर्किट बेंचकडे अपील वगैरे जातं, तिथे हा दाखला मिळणार नाही.

वारस दाखल्याचे आणि सक्सेशनचे (उत्तराधिकार प्रमाणपत्राचे) अर्ज बहुतेक दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात. रजिस्टरला ते किरकोळ अर्ज किंवा चौकशी अर्ज म्हणून असतात, दाव्यांच्या रजिस्टरला नाही. "दाव्यांत बघितलं, नाही सापडलं" हे उत्तर घेऊन परतू नका. किरकोळ अर्जांचं रजिस्टर, १९८८ ते १९९१, असं स्पष्ट सांगा. मृत्यूनंतर लगेच कुणी अर्ज करत नाही, म्हणून तीन-चार वर्षांचा टप्पा धरायचा. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, असेल तर मात्र जिल्हा न्यायाधीशांचंही रजिस्टर बघावं लागेल.

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी थोडं. मयत हातकणंगले किंवा शिरोळकडचा असेल तर इचलकरंजी, जयसिंगपूरही तपासा. आजरा, चंदगडकडचा असेल तर गडहिंग्लज. चंदगड १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं, त्याआधीचं प्रकरण कोल्हापुरात शोधून उपयोग नाही. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं. त्यापूर्वीचे कागद संस्थानी अमदानीतले, पुष्कळसे मोडीत. तिथे कोर्टाच्या रेकॉर्ड रूमबरोबर पुराभिलेख कार्यालयातही विचारायचं आणि मोडी वाचणारा माणूस सोबत न्यायचा. कुरुंदवाड तर स्वतंत्र संस्थान होतं, ते कोल्हापूरच्या दप्तरात धरू नये.

रंकाळावेस:
खूप आभार दोघांचे. फेरफार मिळाला. त्यात कि. अ. नं. आणि १९८९चं साल आहे, तारीख मात्र पुसट आहे. आता नक्कल मागताना काय लिहू? मी अर्जदाराचा मुलगा नाही, पुतण्याकडचा आहे.

नि_एक:
नंबर आणि साल मिळालं म्हणजे अवघड काम झालं. तारीख रजिस्टरवरून निघेल.

नकलेच्या अर्जात कोर्टाचं नाव, प्रकरणाचा प्रकार, नंबर, साल, अर्जदाराचं नाव, मयताचं नाव आणि कोणते कागद हवेत ते लिहा. "संपूर्ण फाइल" असं मोघम लिहू नका. खर्च वाढतो आणि अर्ज अडतो. मागायचं ते असं: निशाणी १ वरचा, म्हणजे फाइलमधला मूळ अर्ज, त्यावरील आदेश, दिलेल्या दाखल्याची स्थळप्रत, जाहीर नोटिशीची प्रत आणि कुणाची हरकत आली असेल तर तीही. मूळ दाखला अर्जदाराला दिलेला असतो, फाइलमध्ये प्रत राहते, आणि तिची प्रमाणित नक्कल तुमच्या कामाला पुरते.

तुम्ही प्रकरणात पक्षकार नाही, म्हणजे त्रयस्थ. त्यामुळे आपलं नातं आणि नक्कल कशासाठी हवी ते लिहून शपथपत्र जोडा, सोबत मृत्यू दाखला आणि हा फेरफार लावा. निकाली प्रकरणातले अर्ज आणि आदेश त्रयस्थालाही मिळू शकतात. पुराव्यात दाखल केलेले दस्त मात्र ज्याने दाखल केले त्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या संमतीशिवाय सहसा मिळत नाहीत. म्हणून अर्जदाराचा मुलगा किंवा मुलगी तयार असेल तर अर्ज त्यांच्याच सहीने द्या, वाट निम्मी होते.

जुन्या फायलींतले काही कागद मुदतीनंतर नष्ट केले जातात. तसं असेल तर "फाइल उपलब्ध नाही" हे तोंडी ऐकून घेऊ नका. अर्जावर लेखी शेरा घ्या आणि रजिस्टरमधल्या नोंदीची नक्कल मागा. प्रकरण चाललं होतं आणि त्याचा निकाल काय झाला, एवढं तरी तिच्यावरून सिद्ध होतं.

दप्तरखाना:
आता शेअर्सचा प्रश्न राहिला, आणि लोक अडकतात ते इथेच.

कोर्टातून निघणारे कागद तीन, आणि तिन्हीला बोलताना "वारस" म्हणतात. १८२७ च्या ८व्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला सांगतो की ही माणसं मयताचे वारस. जमीन-घराच्या नोंदींना तो चालतो. सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं. ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी: ठेवी, शेअर्स, कर्जरोखे. त्यात प्रत्येक रक्कम आणि शेअर नावानिशी लिहिलेला असतो. तिसरा प्रोबेट, मृत्युपत्र असेल तर. कोल्हापूरच्या हिंदू माणसाचं मृत्युपत्र आणि मिळकतही इथलीच, तर त्या काळात प्रोबेट सक्तीचा नव्हता, म्हणून इथे अशा फायली कमी आढळतात. मुंबईत स्थावर असेल तर मुंबई उच्च न्यायालयात शोधा.

तेव्हा नक्कल हातात आली की आधी शीर्षक वाचा. वारस दाखला असेल तर शेअर्ससाठी कंपनी बहुधा सक्सेशन मागेल. सक्सेशन असेल तर खालची मालमत्तेची यादी बघा. तुमचे शेअर्स त्यात नसतील तर कलम ३७६ खाली ते वाढवून घेता येतात, पण त्यासाठी अर्ज प्रमाणपत्रधारकाने करायचा असतो. तो हयात नसेल तर नवा अर्ज.

दोन्ही कागदांनी मालकी ठरत नाही, हे मनापासून सांगतो. सक्सेशन बघून बँकेने पैसे दिले तर बँक सुटते. खरा हक्क कुणाचा यावर वेगळा दावा पुढेही चालू शकतो, कलम ३८७ तेच सांगतं. म्हणून निशाणी १ मधला कुटुंबाचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. सक्सेशनच्या अर्जात जवळच्या नातेवाइकांची नावं आणि पत्ते द्यावेच लागतात. लग्न झालेल्या मुलींची नावं तिथे आहेत का ते बघा. त्या जुन्या अर्जांत मुली गाळलेल्या दिसतात, आणि नोटीस एखाद्या स्थानिक पेपरात येऊन गेलेली असते, त्यांना कळलेलंही नसतं. तसं दिसलं तर हा कागद पुढे करण्याआधी त्या शाखेशी बोला. नाहीतर प्रमाणपत्र रद्द करण्याचा अर्ज होतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

रंकाळावेस:
अर्जदार काकू हयात आहेत. दोन आत्यांची नावं फेरफारात नाहीत, हे आत्ता लक्षात आलं. आधी आत्यांकडे जाऊन येतो, मग काकूंच्या सहीने नकलेचा अर्ज देतो.