‘केवळ अभिनयातून ४,६०० कोटी?’ : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-४०२ :
सर्वांना नमस्कार. काल रात्री ग्रुपवर आलेल्या एका फॉरवर्डविषयी विचारायचे आहे. जुही चावला या देशातील सर्वांत श्रीमंत अभिनेत्री असून त्यांनी ‘केवळ अभिनयातून’ ४,६०० कोटी रुपये कमावले, असे त्यात ठळक अक्षरांत लिहिले आहे. यावरून आमच्या घरी चांगलीच जुंपली. मी आपले साधे गणित मांडले. त्यांनी शंभर चित्रपट केले असे धरले, तरी एका चित्रपटामागे ४६ कोटी रुपये पडतात, आणि ज्या काळात त्या आघाडीच्या नायिका होत्या त्या काळात तेवढ्या रकमेत कितीतरी अख्खे चित्रपट तयार झाले असते. ए-१०१ काका, आपण आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासलेत, म्हणून आपल्यालाच विचारते.

बी-२०१ :
वहिनी, यात काकांना त्रास देण्यासारखे काही नाही. नटनट्यांच्या संपत्तीचे आकडे हवेतलेच असतात. एकाच अभिनेत्रीची संपत्ती मी तीन ठिकाणी तीन निरनिराळी वाचली आहे, आणि तिन्ही ठिकाणी आकड्याआधी ‘सुमारे’ हा शब्द होता.

ए-१०१ :
नमस्कार. बी-४०२ ताईंचे गणित बरोबर आहे आणि ४,६०० कोटींचा आकडाही कोणाच्या मनचा नाही. चूक आहे ती ‘केवळ अभिनयातून’ या दोन शब्दांत. हा आकडा २०२४ च्या हुरून भारत श्रीमंत यादीतला आहे. ३१ जुलै २०२४ हा दिवस धरून किमान १,००० कोटींची संपत्ती असलेल्यांची नावे त्या यादीत घेतली होती आणि तिथली नोंद ‘जुही चावला आणि कुटुंबीय’ अशी आहे. फॉरवर्ड करणाऱ्याने ‘आणि कुटुंबीय’ गाळले, तिथेच अर्ध्या हिशेबाचा घोळ झाला, कारण त्यांचे पती जय मेहता यांचा मेहता समूह सिमेंटसारख्या व्यवसायांत पूर्वीपासून आहे.

दुसरे असे की, या नोंदीच्या मुळाशी चित्रपट नसून क्रिकेट आहे. २००८ साली आयपीएलचे संघ लिलावात निघाले, तेव्हा कोलकात्याचा संघ ७ कोटी ५० लाख ९० हजार डॉलरना गेला. त्या वेळचा डॉलर साधारण चाळीस रुपयांच्या आत होता, म्हणजे ही रक्कम तीनशे कोटींच्या घरात येते. हा संघ ज्या कंपनीच्या मालकीचा आहे, तिच्यात शाहरुख खान यांच्या रेड चिलीज या चित्रपटसंस्थेचा ५५ टक्के आणि मेहता समूहाचा ४५ टक्के हिस्सा आहे. आता पुढचे पाहा. २०२१ मध्ये लखनौचा नवा संघ विकायला काढला, ज्याच्याकडे ना खेळाडू होते, ना चषक, ना प्रेक्षक, तरी त्यासाठी ७,०९० कोटी रुपयांची बोली लागली. अहमदाबादचा संघ ५,६२५ कोटींना गेला. पाठोपाठ जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले, आणि प्रक्षेपणाच्या पैशातला वाटा प्रत्येक संघाला मिळतो. कोऱ्या संघाला एवढा भाव येतो म्हटल्यावर २०१२, २०१४ आणि २०२४ असे तीन वेळा विजेतेपद मिळवलेल्या कोलकात्याच्या संघातील जवळपास निम्म्या हिश्शाचे मोल किती धरावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

२०२५ च्या यादीत हाच आकडा ७,७९० कोटी झाला. एका वर्षात ३,१९० कोटींची वाढ, आणि त्या वर्षात त्यांच्या नायिकापदाचा असा एकही चित्रपट नाही की ज्याच्याकडे बोट दाखवावे.

सी-३०३ :
काका, हिशेब पटला, पण ‘नवऱ्याचे पैसे’ एवढेच यातून कोणी घेऊ नये, म्हणून लिहिते. १९८८ मध्ये ‘कयामत से कयामत तक’ने त्यांचे नाव घरोघरी झाले, त्याला दहा-अकरा वर्षे झाल्यावर, १९९९ मध्ये, त्यांनी शाहरुख खान आणि दिग्दर्शक अजीज मिर्झा यांच्याबरोबर ‘ड्रीम्ज अनलिमिटेड’ ही निर्मितिसंस्था काढली होती. तिचा पहिला चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. म्हणजे मानधन घेऊन मोकळे होण्याऐवजी नफा-तोट्यात भागीदार होणे त्यांनी आयपीएलच्या आठ-नऊ वर्षे आधीच करून पाहिले होते, आणि त्यात पोळूनही घेतले होते. क्रिकेटच्या संघात भागीदार झालेल्या दुसऱ्या अभिनेत्री प्रीती झिंटा. २००८ मध्ये मोहालीचा संघ ७ कोटी ६० लाख डॉलरना घेणाऱ्या चौघांत त्या होत्या.

मी जाहिरातींच्या कामात आहे, त्यामुळे आणखी एक गोष्ट जवळून दिसते. अभिनेत्रीशी जाहिरातीचा करार होतो तो बहुधा वर्षा-दोन वर्षांचा, आणि त्यात चित्रीकरणाचे दिवस मोजून लिहिलेले असतात. त्याखेरीज तिचा चेहरा कोणत्या माध्यमात किती काळ वापरायचा आणि त्या मुदतीत तिने कोणत्या प्रकारच्या दुसऱ्या मालाची जाहिरात करायची नाही, हेही ठरलेले असते. मुदत संपली की चेहरा उतरवावा लागतो आणि पैसाही थांबतो. माल मात्र खपतच राहतो, आणि त्या खपात तिचा एक पैसाही नसतो. अलीकडच्या अभिनेत्रींनी हे नेमके ओळखले आहे. कतरिना कैफ यांनी २०१९ मध्ये ‘नायका’ (Nykaa) या सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या कंपनीसोबत भागीदारीत स्वतःची सौंदर्यप्रसाधने आणली. आलिया भट यांनी लहान मुलांच्या कपड्यांची कंपनी उभी केली आणि २०२३ मध्ये तिचा ५१ टक्के हिस्सा रिलायन्स रिटेलकडे गेला. या दोघींनी ‘नायका’चे शेअरही ती कंपनी २०२१ मध्ये बाजारात येण्यापूर्वीच घेतले होते.

ए-५०४ :
मुलांनो, मालकीचे हे शहाणपण तुमच्या पिढीने शोधले असे समजू नका. पूर्वी नट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत, महिना ठरलेला आणि करार स्टुडिओच्या सोयीचा. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये कराराच्या वादातून पुण्यात प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले होते, ही गोष्ट माझी आई आम्हाला सांगत असे आणि सांगताना तिचा आवाज जरा चढत असे. दक्षिणेत के. बी. सुंदरांबाळ यांना त्याच दशकात एका चित्रपटासाठी एक लाख रुपये मिळाले होते. ते त्या काळचे नवलच. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या, तोवर त्या जागी परदेशी नट्याच दिसत.

पण मला सांगायचे आहे ते दुर्गा खोटे यांच्याविषयी. त्या एका स्टुडिओला बांधून घेऊन राहिल्या नाहीत, ‘साथी’ हा चित्रपट त्यांनी १९३७ मध्येच स्वतः काढला, आणि पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स ही संस्था काढून लघुपट आणि जाहिरातपट केले. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ आपण सगळ्यांनी पाहिली, ती याच संस्थेची होती. पडद्यावर त्यांना राजमाता म्हणून पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

बी-४०२ :
मावशी, मला तरी ठाऊक नव्हते. पण काका, माझा मूळ प्रश्न अजून उरतोच. संघाची किंमत समजली. एखाद्या अभिनेत्रीची खरी, तिच्या स्वतःच्या नावावरची मालमत्ता आपल्यासारख्यांना कुठे पाहायला मिळते का?

ए-१०१ :
बहुतेकींची मिळत नाही. जुन्या काळाचे तर विसराच. १९७३-७४ च्या सुमारास आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, म्हणजे वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात राहत. असा दर असताना मानधनाचा किती भाग कागदावर येत असेल, हे मी सांगायला नको. १९६१ च्या आयकर कायद्याने निर्मात्यावर एक बंधनही घातले होते. चित्रपटाच्या कामासाठी ज्या व्यक्तीला एकूण पन्नास हजारांहून अधिक रक्कम दिली, तिची माहिती त्याने ५२-ए या नमुन्यात खात्याला कळवायची. तेव्हा खरे मानधन खात्याच्या फायलीत असते; तुमच्या-माझ्यापर्यंत ते येत नाही.

अपवाद एकच, आणि तो म्हणजे निवडणूक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालानंतर उमेदवाराला अर्जासोबत शपथपत्र द्यावे लागते, आणि अभिनेत्री उमेदवार असेल तर तिलाही. हा कागद (नमुना २६) वाचण्यासारखा असतो. त्यात स्वतःचा, जोडीदाराचा, एकत्र कुटुंबाचा आणि अवलंबितांचा असे निरनिराळे रकाने असतात. आधी मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्न येते, मग रोकड, ठेवी, शेअर, विमा, वाहने आणि दागिने वजनासह; त्यानंतर जमीन-घरे, आणि शेवटी कर्जे. बातमीदार बहुधा या शेवटच्या पानापर्यंत पोहोचत नाहीत.

कंगना रणौत यांचे उदाहरण घ्या. २०२४ मध्ये मंडीतून उभ्या राहताना त्यांनी सुमारे २८ कोटी ७३ लाखांची जंगम आणि ६२ कोटी ९२ लाखांची स्थावर मालमत्ता दाखवली. बातम्यांत ‘९१ कोटींच्या मालकीण’ असा मथळा आला. त्याच कागदावर १७ कोटी ३८ लाखांची देणी लिहिलेली होती. ती वजा केली की ७४ कोटींच्या आसपास राहतात. सोने ६ किलो ७०० ग्रॅम आणि एलआयसीच्या पॉलिस्या पन्नास.

बी-२०१ :
पन्नास पॉलिस्या? एकाच व्यक्तीच्या नावावर? त्या एजंटाच्या हुशारीला माझा नमस्कार सांगा. पण काका, शपथपत्र ज्याचे तोच भरतो, मग त्याच्यावर तरी विश्वास का ठेवायचा?

ए-१०१ :
घरांची आणि दागिन्यांची किंमत उमेदवारानेच लावलेली असते, हे खरे. ती थोडी इकडे-तिकडे होऊ शकते. मात्र मालमत्ता दडवली किंवा खोटी माहिती दिली, तर सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. एखाद्या संकेतस्थळावरच्या आकड्याखाली कोणाची सही तरी असते का?

आपल्यासारख्यांची फसगत कशी होते, तेही याच कागदांवरून दाखवतो. जया बच्चन यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यसभेसाठी अर्ज भरला, तेव्हा पतिपत्नी दोघांची मिळून सुमारे १,५७८ कोटींची मालमत्ता जाहीर झाली : ८४९ कोटी ११ लाख जंगम आणि ७२९ कोटी ७७ लाख स्थावर. त्यासोबत जयाजींची ‘वैयक्तिक संपत्ती’ अवघी १ कोटी ६३ लाख आणि अमिताभजींची २७३ कोटी ७४ लाख, असेही अनेक ठिकाणी छापले गेले. आता त्याच बातमीत पुढे लिहिले होते की, जयाजींचे दागिने ४० कोटी ९७ लाखांचे आहेत. ज्यांचे नुसते दागिने चाळीस कोटींचे, त्यांची एकूण संपत्ती दीड-पावणेदोन कोटी कशी असेल? तो २०२२-२३ चा उत्पन्नाचा रकाना होता. बातमी लिहिणाऱ्याने वर्षाची कमाई हीच संपत्ती समजली आणि पुढच्यांनी ती तशीच उतरवून घेतली.

बी-२०१, आपल्या ‘हवेतल्या’ आक्षेपालाही इथे थोडे उत्तर आहे. त्याच वर्षीच्या हुरून यादीत अमिताभ बच्चन आणि कुटुंबीयांपुढे १,६०० कोटी होते. शपथपत्राशी ताडून पाहा.

सी-३०३ :
घरांपुरता आणखी एक मार्ग आहे. अमुक अभिनेत्रीने वांद्र्यात इतक्या कोटींना फ्लॅट घेतला, ही बातमी रुपयांपर्यंत नेमकी असते, कारण ती बहुधा नोंदणी झालेल्या दस्तावरून आलेली असते. आपल्या फ्लॅटची असते तशीच त्यांचीही इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, असते. घेणार, देणार, क्षेत्रफळ, मोबदला आणि भरलेले मुद्रांक शुल्क, सगळे तिच्यावर दिसते. महिलेच्या एकटीच्या नावावर घर घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे, आणि एवढ्या किमतीच्या घरावर तो एक टक्कासुद्धा लाखांत जातो.

ए-५०४ :
म्हणजे आमच्या वेळी घर नवऱ्याच्या नावावर आणि साडी आपल्या, असे होते, ते तरी बदलले म्हणायचे.

बी-४०२ :
सर्वांचे मनापासून आभार. हा फॉरवर्ड माझ्या बहिणींच्या ग्रुपवरही फिरतो आहे, म्हणून तिथे पुढील मजकूर पाठवण्याचा विचार आहे. काका, कृपया एकदा नजर घालावी : ‘जुही चावला यांची संपत्ती २०२४ च्या हुरून यादीनुसार ४,६०० कोटी व २०२५ च्या यादीनुसार ७,७९० कोटी आहे, ती अभिनयाच्या मानधनातून आलेली नसून मुख्यतः कोलकात्याच्या क्रिकेट संघातील हिश्शामुळे आहे.’

ए-१०१ :
ताई, मजकूर चांगला आहे. दोनच दुरुस्त्या सुचवतो. ‘संपत्ती’च्या आधी ‘अंदाजित’ घालावे, कारण संघ अजून विकलेला नाही. त्याचे मोल केवळ लावलेले आहे. आणि नावापुढे ‘आणि कुटुंबीय’ हे शब्द आपल्याकडूनही राहिले आहेत.

बी-४०२ :
दुरुस्त केले. पाठवते.